टर्नटेबल आणि आजची साउंड सिस्टीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची साफसफाई झाली की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांना ऊत येतो. माळ्यावरून खोकं उतरतं, खोक्यात बाबांच्या तबकड्या, शेजारी झाकणाला तडा गेलेला प्लेअर, आणि घरात मात्र साउंडबार नाहीतर ब्लूटूथ स्पीकर. या दोघांचं जमवायचं कसं, हे पन्नास तऱ्हांनी विचारलं जातं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिलं आहे. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत, शुद्धलेखनाची थोडी डागडुजी सोडली तर.

एक विनंती. काहीही विकत घेण्याआधी प्लेअर आणि सिस्टीम दोन्हींच्या पाठी बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. निम्मी उत्तरं तिथेच छापलेली असतात.

१. टर्नटेबल ऑक्समध्ये लावलं. गाणं ऐकू येतं, पण खूप बारीक आणि किरटं. सिस्टीम बिघडली का?

नाही, दोन्ही धडधाकट आहेत. सुईच्या मागे जे कार्ट्रिज असतं त्यातून निघणारा विजेचा सिग्नल जेमतेम ३ ते ६ मिलिव्होल्टचा असतो. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टपर्यंत देतो, आणि ऑक्स सॉकेट (बाहेरचं यंत्र जोडण्याचं साधं सॉकेट) त्याच हिशेबाने बनवलेलं असतं. म्हणजे जिथे बादलीभर पाणी अपेक्षित होतं तिथे तुम्ही चमचाभर ओतलंत.

बारीकपणाचं कारण हे झालं. किरटेपणाचं कारण निराळं आहे. रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबून आणि तार सूर मुद्दाम चढवून कोरलेले असतात. खर्ज आहे तसा कोरला तर खाच इतकी डावी-उजवी फिरेल की एका बाजूला जेमतेम काही मिनिटांचंच गाणं मावेल, आणि तार सूर चढवून घेतले की वाजवताना खरखर दाबता येते. हे किती दाबायचं आणि किती चढवायचं याचं प्रमाण १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड उत्पादकांच्या संघटनेने ठरवलं. तिच्या नावावरून त्याला आरआयएए म्हणतात. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबलची घट आणि २० हजार हर्ट्झला तेवढीच वाढ. वाजवताना ही खोड उलटी फिरवावी लागते.

सिग्नल वाढवणं आणि खोड फिरवणं, ही दोन्ही कामं करणाऱ्या भागाला फोनो स्टेज म्हणतात. तुमच्या जोडणीत तो कुठेच नाही. नुसता आवाज वाढवून किंवा बेसची कळ फिरवून त्याची उणीव भरत नाही.

२. फोनो स्टेज म्हणजे नेमका कुठला डबा? माझ्याकडे आहे की नाही ते कसं ओळखू?

तो तीन ठिकाणी असू शकतो. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असेल तर मागच्या सॉकेटांच्या एका जोडीवर ‘फोनो’ लिहिलेलं असतं आणि जवळच जमिनीच्या खुणेचा एक छोटा स्क्रू असतो. टर्नटेबलमध्येच असेल तर मागे ‘फोनो’ (सुईचा कच्चा सिग्नल) आणि ‘लाइन’ (फोनो स्टेजमधून तयार होऊन आलेला) असा खटका दिसेल, ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्सवर आहे तसा. खटका नसला तरी यूएसबी किंवा ब्लूटूथ असेल तर आत फोनो स्टेज आहे हे धरून चाला, कारण त्याच्याशिवाय ते चालणारच नाही. दोन्हीकडे नसेल तर तिसरा मार्ग वेगळ्या डबीचा, म्हणजे फोनो प्रीअँपचा. बेहरिंगरची पीपी४०० ही त्यातली साधी, तळहातावर मावणारी.

पुढचं सगळं पान एका नियमावर उभं आहे: सुई ते स्पीकर या वाटेत फोनो स्टेज एकदा यायला हवा, आणि एकदाच.

३. माझ्या टर्नटेबलमध्येही आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्येही आहे. दोन्ही चालू ठेवले तर आवाज जास्त चांगला येईल ना?

उलट फाटेल. खोड दोनदा उलटी फिरली की खर्ज ढोलासारखा घुमतो, शब्द कळेनासे होतात आणि अ‍ॅम्प्लिफायरचा फोनो भाग ओव्हरलोड होतो. खटका ‘फोनो’वर असेल तर वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनोत, खटका ‘लाइन’वर असेल तर वायर ऑक्समध्ये.

कुठला वापरावा? अ‍ॅम्प्लिफायर बऱ्यापैकी कंपनीचा असेल, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकातला जपानी असेल, तर त्याचाच फोनो वापरा. त्या काळी रेकॉर्ड हेच मुख्य साधन असल्यामुळे कंपन्या त्या भागावर खर्च करत. आजच्या स्वस्त टर्नटेबलांतला फोनो स्टेज कामचलाऊ असतो, पण सुरुवातीला तोच वापरा. सगळं एका दिवसात बदललं की फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

४. मोठा अ‍ॅम्प्लिफायर ठेवायला जागा नाही. वन बीएचके आहे. कमीत कमी सामानात काय भागेल?

फोनो स्टेज असलेलं टर्नटेबल आणि अ‍ॅक्टिव्ह स्पीकरांची जोडी, म्हणजे ज्यांच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि ज्यांची वायर थेट भिंतीतल्या प्लगात जाते. एडिफायरच्या आर१२८०टी सारख्या जोडीला मागे लाइनची सॉकेटं असतात. खटका लाइनवर ठेवा, लाल-पांढरी आरसीए केबल लावा, झालं. कॅन्टोच्या वाययू६ सारख्या काही स्पीकरांत तर फोनो स्टेजही आत असतो. तिथे प्रश्न ३ चा नियम विसरू नका.

लाल उजवीकडचा, पांढरा किंवा काळा डावीकडचा. उलटं लागलं तर काही जळत नाही, फक्त तबलजी दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो.

५. घरी फक्त साउंडबार आहे. त्याला टर्नटेबल जोडता येईल का?

आधी साउंडबारला ३.५ मिलिमीटरचं ऑक्स सॉकेट आहे का बघा. असेल तर प्रश्न ४ सारखंच, फक्त एका टोकाला आरसीए आणि दुसऱ्या टोकाला ३.५ची पिन असलेली केबल लागेल.

नव्या साउंडबारना बहुतेक वेळा एचडीएमआय, ऑप्टिकल आणि ब्लूटूथ एवढंच असतं. ऑप्टिकलमधून जायचं तर सिग्नल आधी डिजिटल करावा लागतो. त्यासाठी एक डबी मिळते, आणि इथे लोक हमखास फसतात. दुकानात ‘ऑप्टिकल कन्व्हर्टर’ मागितला की समोर येते ती टीव्हीचा डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग करणारी डबी, कारण तिलाच जास्त गिऱ्हाईक आहे. आपल्याला बरोबर उलटी हवी: अ‍ॅनालॉग आत, ऑप्टिकल बाहेर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागा की पुण्यात तपकीर गल्लीत, डबीवरचे बाण स्वतः वाचा. ‘इन’च्या बाजूला लाल-पांढरी सॉकेटं हवीत. फोनो स्टेज या डबीच्याही आधी यायला हवा.

मनापासून विचाराल तर साउंडबार संवादांसाठी बनवलेला असतो, गाण्यासाठी नाही. तबकड्या खोकंभर असतील तर तेच पैसे अ‍ॅक्टिव्ह स्पीकरांत घाला.

६. टीव्हीमार्गे जोडलं तर? टीव्हीला ऑप्टिकल सॉकेट आहे.

ते आवाज बाहेर सोडण्याचं सॉकेट आहे, आत घेण्याचं नाही. हा रस्ता सोडून द्या.

७. ब्लूटूथ टर्नटेबल घेतलं तर सगळी कटकटच मिटेल, नाही का?

वायरींची मिटेल. फोनो स्टेज आतच असतो आणि सिग्नल हवेतून जातो. पण पडदा नसल्यामुळे कुठल्या स्पीकरशी जोडलं जातंय ते दिसत नाही. जोडणीच्या वेळी घरातले बाकीचे ब्लूटूथ स्पीकर आणि हेडफोन बंद ठेवा, नाहीतर लताबाई बेडरूममधल्या हेडफोनात गात राहतील आणि तुम्ही हॉलमध्ये टर्नटेबल उलटंसुलटं करत बसाल.

आवाजाबद्दल बोलायचं तर ब्लूटूथ गाणं दाबून पाठवतं. जेवताना, घर आवरताना काही बिघडत नाही. पण रेकॉर्ड ऐकण्याची हौस एवढ्यासाठीच असेल की अ‍ॅनालॉग आवाज हवा, तर मधे हा डिजिटल टप्पा आहे हे लक्षात असू द्या. बहुतेक ब्लूटूथ टर्नटेबलांना वायरीचंही आउटपुट असतं, ते तपासूनच घ्या.

८. आमच्याकडे स्मार्ट स्पीकर आहेत, खोल्याखोल्यांत. त्यांच्यावर रेकॉर्ड वाजेल?

स्पीकरवर अवलंबून. सोनोस फाइव्हला ३.५ मिलिमीटरचं लाइन इन आहे. तिथे एका खोलीत जोडलेली रेकॉर्ड घरभर वाजवता येते, फोनो स्टेज मात्र आधी हवाच. अ‍ॅपलच्या होमपॉडला लाइन इन नाही आणि ब्लूटूथवरून आलेलं गाणंही तो घेत नाही, त्यामुळे ब्लूटूथ टर्नटेबल घेऊनही तो मुकाच राहतो. होमपॉड असलेले लोक हे खरेदीनंतर विचारतात, म्हणून इथे ठळकपणे सांगतोय.

अशा सिस्टीममध्ये सुई टेकल्यावर आवाज क्षणभर उशिरा येतो. तो दोष नाही. एक वायरचा स्पीकर आणि एक वायरलेस स्पीकर एकाच खोलीत एकदम लावलेत तर मात्र प्रतिध्वनी ऐकू येईल.

९. होम थिएटरचा एव्ही रिसीव्हर आहे, पाच स्पीकर आणि सबवूफर. पाचही स्पीकरांतून ऐकू का?

रेकॉर्डमध्ये दोनच चॅनेल असतात. रिसीव्हर हवं तर त्याचे पाच करून देईल, पण गायक मधल्या स्पीकरात कोंडला जातो आणि टाळ्या पाठीमागून येतात. ‘स्टीरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’ मोड लावा आणि समोरच्या दोन स्पीकरांवर ऐका. स्वस्त रिसीव्हरना फोनो सॉकेट नसतं. तसं असेल तर प्रश्न २ मधली डबी घेऊन सीडी किंवा ऑक्सच्या सॉकेटात जोडा, तिथे कुठलंही लाइन सॉकेट चालतं. सबवूफरबद्दल प्रश्न १३ पाहा.

१०. सतत घूंऽऽ असा आवाज येतो. आधी वाटलं तानपुरा आहे!

हे मला दोघांनी लिहिलं, त्यातल्या एकाने गंभीरपणे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, आणि ती घूं ५० किंवा १०० हर्ट्झची असते. सुईचा सिग्नल इतका नाजूक की आजूबाजूची वीज त्यात सहज मिसळते, आणि फोनो स्टेज तीही इमानेइतबारे वाढवून देतो.

टर्नटेबलमधून लाल-पांढऱ्या वायरींबरोबर एक बारीक, काट्यासारखं टोक असलेली वायर येते का पाहा. ती ग्राउंडची. अ‍ॅम्प्लिफायरवरच्या किंवा प्रीअँपवरच्या ग्राउंडच्या स्क्रूखाली ती घट्ट बसवा. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपते. ही वायर भिंतीतल्या सॉकेटाच्या अर्थिंगच्या भोकात खुपसू नका. असे सल्ले फिरत असतात, आणि जुन्या वायरिंगमध्ये त्या भोकात काय असेल याचा नेम नाही.

ती लावूनही घूं राहिली तर चोर शोधावा लागतो. टर्नटेबलच्या वायरी प्रीअँपमधून काढून बघा. घूं तशीच राहिली तर टर्नटेबल निर्दोष, गडबड पुढे आहे. एव्ही रिसीव्हरला सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर केबलवाल्याची किंवा डिशची जाड वायर बॉक्समधून उपटा. ती बाहेरून दुसरंच अर्थिंग घरात आणते आणि दोन अर्थिंगांचं कडं तयार होतं. वायर काढताच शांतता झाली तर त्या वायरीवर आयसोलेटर (अर्थिंगचं कडं तोडणारा छोटा जोड) लावून घ्या. तिसरा संशयित ट्रान्सफॉर्मर. टर्नटेबल अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवलं असेल तर बाजूला घ्या. मी स्वतः एकदा पंधरा दिवस वायरी बदलत होतो. शेवटी सापडला तो प्रीअँपच्या खालीच पडलेला एक जाडजूड अडॅप्टर. तो हातभर सरकवला आणि घूं गेली. त्या पंधरा दिवसांत घेतलेल्या तीन केबली अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

तीन पिनांच्या प्लगाची अर्थिंगची पिन काढून टाकल्यानेही कधीकधी घूं जाते. तरी ते करू नका. धातूच्या डब्यात वीज उतरली तर ती पिनच तुम्हाला वाचवते.

११. माझ्या टर्नटेबलला ग्राउंडची वायरच नाही. तुटली असेल का?

नसेलच. रेगाच्या टर्नटेबलांत ते काम आरसीए केबलच्या बाहेरच्या आवरणातूनच होतं. फोनो स्टेज आत असलेल्या बऱ्याच टर्नटेबलांनाही वेगळी वायर नसते. घूं येत नसेल तर शोधत बसू नका.

१२. एकाच बाजूचा स्पीकर वाजतो.

आधी लाल-पांढऱ्या पिना अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला आपसांत बदला. मुका स्पीकर बदलला तर दोष टर्नटेबलकडचा, तोच राहिला तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकरचा.

टर्नटेबलकडचा असेल तर नव्वद टक्के वेळा कार्ट्रिजच्या मागच्या चार पिनांपैकी एक सैल असते किंवा तिच्यावर हिरवट थर चढलेला असतो. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत हे फारच होतं. पिनांना चार बारीक वायरी येतात. पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलच्या, लाल आणि हिरवी उजव्या चॅनेलच्या. सगळं बंद करून बारीक चिमट्याने एकेक टोपण अलगद काढून परत बसवलं तरी बऱ्याचदा आवाज येतो. ओढायचं ते टोपणाला धरून, वायरीला धरून नाही. त्या केसासारख्या असतात.

१३. आवाज वाढवला की गडगडाट सुरू होतो आणि वूफरचा पडदा थरथरतो. स्पीकर फुटतील का?

यात दोन वेगळी दुखणी आहेत. गडगडाट वाढतच जात असेल तर स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर आहेत. स्पीकरचा हादरा फळीतून सुईला पोचतो, सुई तोही गाणं समजून पुढे पाठवते, आणि चक्र फिरत राहतं. स्पीकर दुसऱ्या टेबलावर न्या. फरशीच्या घरात एवढं पुरतं. वाड्यातल्या लाकडी तक्तपोशीवर मात्र कुणी चाललं तरी सुई उडते, तिथे भिंतीत ठोकलेली फळीच हवी.

गडगडाट नाही, पण वूफर आतबाहेर सावकाश हलतोय, तर तबकडी वाकलेली असते. ३३⅓ फेऱ्या मिनिटाला म्हणजे साधारण दोन सेकंदांत एक फेरी, आणि प्रत्येक फेरीला तो उंचवटा सुईखालून जातो. हे कानाला ऐकू येत नाही, पण वूफर आणि सबवूफर विनाकारण राबतात. अ‍ॅम्प्लिफायरवर किंवा प्रीअँपवर ‘सबसॉनिक’ किंवा ‘रंबल’ असं बटन असेल तर ते चालू करा. नसेल तर रेकॉर्ड लावताना सबवूफरचा आवाज कमी ठेवा.

१४. केबल किती लांब चालेल? महागडी घ्यावी का?

टर्नटेबल ते फोनो स्टेज ही वाट आखूड ठेवा, दीड मीटरच्या आत. केबलमध्ये स्वतःची धारिता (कपॅसिटन्स, म्हणजे थोडी वीज साठवून धरण्याचा गुण) असते, आणि कार्ट्रिजला ती मर्यादेतच चालते. ऑर्टोफोनच्या २एम रेडला, उदाहरणार्थ, ४७ किलोओहमचा भार आणि १५० ते ३०० पिकोफॅरड एवढी एकूण धारिता हवी असते. केबल लांबली की ही मर्यादा ओलांडते आणि तार सुरांचा पोत बदलतो. फोनो स्टेजच्या पुढे पाच मीटर केबल टाकलीत तरी काही बिघडत नाही. म्हणून डबी नेहमी टर्नटेबलजवळ ठेवा, स्पीकरजवळ नाही.

चांगलं आवरण असलेली साधी केबल पुरे. उरलेल्या पैशांत नवी सुई घ्या, फरक तिथे ऐकू येईल.

१५. कार्ट्रिज एमसी प्रकारचं आहे. जोडणी बरोबर असूनही आवाज बारीकच.

एमएम कार्ट्रिजमध्ये चुंबक हलतं, एमसीमध्ये तारेचं वेटोळं हलतं. वेटोळं हलकं ठेवायचं म्हणून वेढे थोडे, आणि म्हणून सिग्नल आणखी लहान. डेनॉनचं डीएल-१०३ जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी साठच्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं गेलं आणि आजही मिळतं. त्याचा सिग्नल फक्त ०.३ मिलिव्होल्ट. एमएमला साधारण ४० डेसिबलची वाढ लागते, एमसीला ६०, म्हणजे आणखी दहापट. प्रीअँपवर ‘एमसी’चा खटका असेल तर तो लावा. नसेल तर एमसी चालणारा प्रीअँप घ्यावा लागेल. ‘हाय आउटपुट’ एमसी हा अपवाद, तो एमएमच्या सॉकेटात चालतो.

उलटी चूक जास्त त्रासाची. एमएम लावून खटका एमसीवर राहिला तर पहिल्याच सुराला आवाज फाटतो. खटका बदलायच्या आधी आवाज शून्यावर आणा.

१६. टर्नटेबलला यूएसबी आहे. ते टीव्हीच्या किंवा स्पीकरच्या यूएसबीत लावलं, काहीच होत नाही.

होणारही नाही. ते यूएसबी कंप्युटरसाठी आहे, रेकॉर्ड डिजिटल करून ठेवायला. लॅपटॉपला लावा, ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या, इनपुट म्हणून टर्नटेबल निवडा आणि रेकॉर्ड करा. टीव्हीचं यूएसबी पेनड्राइव्हमधल्या फायली वाचतं, समोरून येणारा आवाज नाही.

१७. वडिलांचा पेटीतला जुना प्लेअर आहे, एचएमव्हीचा. त्याला कुठली केबल लावू?

या प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असतं. ते चुंबकावर चालत नाही. त्यातला स्फटिक दाबला गेला की वीज निर्माण होते, आणि तीही एमएमच्या कित्येक पट. म्हणून त्याला फोनो स्टेज लागत नाही, किंबहुना लावायचाच नाही. सिग्नल ऑक्समध्ये घेतात. पण या कार्ट्रिजला १ मेगओहमच्या आसपासचा भार हवा असतो आणि आजच्या ऑक्सचा भार त्याच्या कितीतरी कमी, त्यामुळे खर्ज गळतो. मधे एक छोटं बफर सर्किट, म्हणजे कार्ट्रिजला हवा तेवढा भार दाखवणारं, टाकलं की सुधारतं. रेडिओ दुरुस्त करणारा जुना कारागीर ते तासाभरात करून देईल.

प्लग खोचायच्या आधी तो प्लेअर त्या कारागिराला दाखवाच. काही जुन्या यंत्रांत खर्च वाचवायला ट्रान्सफॉर्मर घातलेला नसे आणि धातूचा सांगाडाच थेट विजेला जोडलेला असे. अशा यंत्रातून आपल्या मनाने वायर काढून सिस्टीमला जोडली तर यंत्र आणि माणूस दोन्ही धोक्यात.

मागे गोल, पाच पिनांचं सॉकेट दिसलं तर ते डिन. डिन ते आरसीए अशी तयार केबल मिळते, पण पिनांची जोडणी तुमच्या यंत्राशी जुळते का ते मीटरने तपासून घ्या.

बाजारात नवे मिळणारे सूटकेस प्लेअर याच जातीचे. बहुतेकांच्या मागच्या आरसीए सॉकेटांतून लाइन सिग्नल येतो, तो सरळ ऑक्समध्ये.

१८. भावाने न्यू जर्सीहून त्याचं जुनं टर्नटेबल पाठवलं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय, तरी गाणं मंद आणि जाड आवाजात वाजतं.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. जुन्या टर्नटेबलांतली सिंक्रोनस मोटर हर्ट्झच्या तालावर फिरते, म्हणून ३३⅓ ऐवजी मिनिटाला साधारण २७.८ फेऱ्या होतात. स्वर तीन अर्धस्वरांहून थोडे जास्तच उतरतात, म्हणजे काळी एकमध्ये गाणारी गायिका खालच्या काळी पाचावर जाऊन बसते, आणि द्रुत बंदिशीची मध्यलय होते.

काही मॉडेलांना ५० हर्ट्झसाठी वेगळ्या मापाची पुली मिळते, काहींत पट्टा दुसऱ्या पायरीवर सरकवता येतो. दोन्ही नसेल तर हर्ट्झ बदलणारं वेगळं यंत्र लागतं. ज्यांना वेगळा अडॅप्टर आहे आणि आत डीसी मोटर आहे, किंवा जी क्वार्ट्झवर चालणारी डायरेक्ट ड्राइव्ह आहेत, त्यांना हा त्रास नाही. मागच्या पट्टीवर ‘५०/६० हर्ट्झ’ लिहिलं असलं तरी मोटर कुठली ते बघा.

इथलं जुनं टर्नटेबल तिकडे नेणाऱ्यांचं उलटं होतं. मिनिटाला ४० फेऱ्या, आणि सगळं मंडळ घाईत.

१९. जुन्या रेकॉर्ड मोनो आहेत. स्टीरिओ सिस्टीमवर वाजवल्या तर खराब होतील?

नाही, खुशाल वाजवा. मोनो आहे की नाही ते बरेचदा क्रमांकावरूनच कळतं. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर ईसीएलपी आणि ईएएलपी या मोनोच्या मालिका, ईसीएसडी आणि ईएएसडी स्टीरिओच्या. काळजी घ्यायची ती उलट्या बाजूने: फार जुन्या, फक्त मोनोसाठी बनलेल्या कार्ट्रिजवर स्टीरिओ रेकॉर्ड लावू नका. त्याची सुई वरखाली हलत नाही आणि स्टीरिओची खाच रगडली जाते.

अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’ बटन असेल तर भावगीतांच्या त्या झिजलेल्या ईपी (छोट्या तबकड्या) लावताना ते दाबून बघा. मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, वरखाली असते ती धूळ आणि खरखर. दोन्ही चॅनेल एकत्र झाले की वरखालीचं एकमेकांना छेदून जातं. बटन नसेल तर प्रश्न १६ प्रमाणे रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत मोनो करता येतं.

२०. आजोबांच्या ७८च्या तबकड्या नव्या टर्नटेबलवर वाजतील?

तीन अटींवर. पहिली, टर्नटेबलला ७८चा वेग हवा. बऱ्याच नव्यांना फक्त ३३ आणि ४५ असतात. एलपी६०एक्सवर ७८ नाही, एलपी१२०एक्सवर आहे. दुसरी, सुई वेगळी. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८च्या खाचेला ३ मिलचं लागतं, म्हणजे चौपट रुंद. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी गाळात घसरत राहते आणि नुसती खरखर ऐकवते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत ७८साठी एसपी नावाची सुई मिळते. तिसरी, सूर. या तबकड्यांपैकी बहुतेक आरआयएए ठरण्याच्या आधीच्या, तेव्हा प्रत्येक कंपनीचं कोरण्याचं प्रमाण निराळं होतं. आजचा फोनो स्टेज त्यांचे तार सूर गरजेपेक्षा जास्त दाबतो. ट्रेबल थोडा वर करून कानाला पटेल तिथे थांबवा.

आपल्याकडे ७८च्या तबकड्या इतर देशांपेक्षा उशिरापर्यंत निघत राहिल्या, अगदी बीटल्सची गाणीसुद्धा साठच्या दशकात भारतात ७८वर निघाली. त्यामुळे खोक्यातली प्रत्येक ७८ फार जुनीच असेल असं नाही. पण ती लाखेची असेल तर स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. कोमट पाण्याने ओला केलेला मऊ फडका पुरे, आणि मधलं लेबल भिजू देऊ नका.

२१. आणि भोंग्याचा, चावीचा ग्रामोफोन? त्यालाही ब्लूटूथ जोडता येईल?

त्यात विजेचा भागच नाही. सुईची थरथर अभ्रकाच्या पातळ चकतीला जाते आणि चकतीचा आवाज भोंगा मोठा करतो. काढायला वायरही नाही. फार तर भोंग्यासमोर मायक्रोफोन ठेवा. त्याची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागते, आणि तिचा भार १०० ग्रॅमच्याही वर असतो. आजच्या टर्नटेबलची सुई टेकते ती दीड-दोन ग्रॅमने. म्हणून गंमत म्हणूनही त्याच्यावर एलपी ठेवू नका. एकदा वाजेल, पण ती एलपी नंतर कुठल्याच टर्नटेबलवर लावण्यासारखी राहणार नाही.